तळपटसाहेबांचा पोकर आणि खांडशेतचा साकव

एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराला लोणावळ्याच्या रस्ते व साकव कचेरीकडून ओढ्यावर साकव घालून घ्यायचा असेल, तर अर्जदाराजवळ चार गोष्टी लागत: अर्ज, नकाशा, पंचांचे अंगठे आणि पोकर खेळण्याची पात्रता. पहिल्या तीन गोष्टींना सवलत मिळू शके. चौथीला नाही. ही अट कुठल्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, म्हणूनच ती काटेकोरपणे पाळली जाई.

अट घातली होती टॅलबट साहेबांनी. मावळात त्यांना तळपटसाहेब म्हणत, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. जीभच तशी वळे. साहेब कचेरीचे मुख्य होते. मराठीच्या परीक्षेसाठी त्यांनी जुने सरकारी जाहीरनामे पाठ केले होते, त्यामुळे ते चहा मागतानाही जप्तीची नोटीस बजावल्यासारखे बोलत. पुष्कळ वर्षे नोकरी करून त्यांचे एक मत बनले होते. कागद कारकून लिहितात, सबब कागद खोटे. अर्जदार रडतो, सबब रडणेही खोटे. माणसाचा खरा स्वभाव कळतो तो त्याच्या हातात पाच पाने असताना. म्हणून दर शनिवारी जेवणानंतर खंडाळ्याच्या रस्त्यावरील आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात ते अर्जदारांना पोकर खेळायला बसवीत. ज्याच्या खेळावर साहेबांचा विश्वास बसे, त्याचा अर्ज सोमवारी मंजूर होई.

सरकारी अंमलदाराने रयतेबरोबर जुगार खेळावा काय, हा प्रश्न उपस्थित झाला होता. तो हेडक्लार्क दाजीसाहेब मुजुमदार यांनी सोडवला. खेळ पैशांवर न होता चिंचोक्यांवर व्हावा, आणि चिंचोका ही वनस्पतिजन्य वस्तू असल्याने ती चलनात मोडत नाही, असा शेरा त्यांनी मारला. त्या वर्षी मावळातली चिंच फार महाग झाली.

खांडशेतचे पोलीस पाटील अंबाजी हुलावळे कचेरीत आले ते या व्यवस्थेविषयी काहीही माहिती नसताना. खांडशेत हे कार्ल्याजवळचे लहानसे गाव. गाव आणि कार्ल्याचा रस्ता यांच्या मधून एक ओढा वाहतो. उन्हाळ्यात त्यात म्हशीही बसत नाहीत, पण आषाढ लागला की गावाचे बेट होते. सुईण झुंबरबाई राही पलीकडच्या काठाला. आदल्या वर्षी गावातल्या नवशाची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा झुंबरबाई पलीकडून ओरडून काय करायचे ते सांगत होती आणि पाण्याच्या आवाजात अलीकडे काही ऐकू येत नव्हते. नवशाची बायको त्या दिवशी गेली. आता अंबाजींची सून लीलाबाई गरोदर होती, आणि तिचे दिवस आषाढातच भरत होते.

दाजीसाहेबांनी अर्ज वाचला, नकाशा उलटा धरून पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"अर्ज उत्तम आहे. खेळता का?"

"काय खेळू?" अंबाजींनी विचारले.

"पोकर. पत्ते."

"सायेब, म्या पोलीस पाटील हाय. कार्ल्याच्या जत्रंत पत्ते कुटनाऱ्यांना म्याच धरून देतो."

"म्हणजे या विषयाचा अनुभव आहे," दाजीसाहेब म्हणाले आणि तशी नोंद केली. "नवशिक्यांसाठी आमचा वर्ग असतो. कचेरीच्या मागच्या पडवीत. येताना चिंचोके आणा. कुजके चालत नाहीत."

अशा रीतीने, उभ्या जन्मात पत्त्याला हात न लावलेले अंबाजी पाटील वयाच्या पन्नाशीत शाळेत बसू लागले. त्यांच्याबरोबर आणखी चार गावांचे पाटील होते. त्यांत कुसवाडीचे भिमाजी येवले हे अंबाजींचे जुने स्नेही. त्यांना गावापर्यंत रस्ता हवा होता.

"खेळ सोपा आहे," दाजीसाहेब फळ्यासमोर उभे राहून सांगत. "प्रत्येकाला पाच पानं मिळतात. नकोत ती टाकून नवी घेता येतात. मग ज्याला आपल्या पानांचा भरवसा, तो चिंचोके पुढे सरकवतो. ज्याला नाही, तो पानं पालथी टाकून गप्प बसतो. शेवटी दोघं उरले की पानं उघडायची, ज्याची भारी तो जिंकला. आणि बाकीचे सगळे आधीच गप्प बसले, तर उरलेला पानं न दाखवताच जिंकतो. हा शेवटचा भाग नीट लक्षात ठेवा. सगळा कारभार त्याच्यावर चाललेला आहे."

अंबाजींनी भीत भीत विचारले, "म्हंजी ज्याच्या हातात काईच न्हाई, त्योबी जिकतो?"

"तो जास्त वेळा जिंकतो. त्याला हूल देणं म्हणतात. पण ते तुमच्या इयत्तेत नाही."

मग दाजीसाहेबांनी नवशिक्यांना हिताच्या गोष्टी सांगितल्या. वाईट पानांना माया लावू नये. दहातले आठ डाव मुकाट टाकून द्यावेत. गेलेल्या चिंचोक्यांच्या मागे आणखी चिंचोके पाठवू नयेत, ते त्यांना शोधून आणीत नाहीत. शक्यतो सगळ्यांच्या नंतर बोलावे, कारण तोवर इतरांनी आपापली अक्कल उघडी केलेली असते. न विचारता कोणाला पाने दाखवू नयेत. चेहरा असा ठेवावा की घरी लग्न आहे की सुतक, ते समोरच्याला कळू नये. आणि पानांपेक्षा समोरचा माणूस वाचावा.

"हे सगळं तुमाला कुणी शिकवलं?" भिमाजींनी आदराने विचारले.

"कोणी नाही," दाजीसाहेब म्हणाले. "मी सव्वीस वर्षं कचेरीत आहे."

अंबाजींना सगळे पाठ झाले, फक्त चेहरा जमेना. ते परसात घंगाळातल्या पाण्यात बघून चेहरा ठेवायचा सराव करू लागले. त्यांची बायको कस्तुराबाई धुण्याचा पिळा हातात धरून बघत उभी राहिली.

"दाढ दुखती का?"

"न्हाई. साकवासाठी चाललंय."

"अस्सं तोंड करून साकव मिळतो?"

"सायेबाची तशी रीत हाय."

"मग गावातल्या सगळ्या म्हशींना न्या की," कस्तुराबाई म्हणाली. "त्येंची तोंडं तशीच हायती."

शनिवार आला. व्हरांड्यात गोल टेबलाभोवती साहेब आणि पाच पाटील बसले. पाने वाटली गेली. पाचही पाटलांनी आपली पाने पाहिली, वर्गात शिकवल्याप्रमाणे चेहरे कोरे केले, एकमेकांच्या आधी न बोलण्यासाठी बराच वेळ गप्प राहिले आणि मग पाने पालथी टाकली. साहेब जिंकले. दुसऱ्या डावाला तेच झाले. तिसऱ्यालाही. पुढच्या शनिवारीही सगळे नवशिके शिकवल्याबरहुकूम वाईट पाने टाकत राहिले. एखाद्याला चांगली आली तरी ती चांगली आहेत हे नक्की न ठरल्याने तीही टाकली. साहेब चिंचोके जिंकून जिंकून हैराण झाले.

"सदरहू मंडळी आपापली पाने वारंवार पालथी टाकीत आहेत," ते शेवटी म्हणाले. "त्यायोगे कोणाचाही स्वभाव निदर्शनास येत नाही."

दाजीसाहेबांनी सोमवारीच परिपत्रक काढले, की यापुढे प्रत्येक अर्जदाराने दर बैठकीत निदान एक डाव राजीखुशीने खेळावा; न खेळल्यास सक्तीने खेळवण्यात येईल.

या परिपत्रकामुळे अंबाजींना पुढच्या शनिवारी एक डाव खेळणे भाग पडले, आणि नेमके त्या डावाला त्यांच्या हातात तीन राजे आले. अंबाजींनी चेहरा कोरा ठेवला. म्हैस काय ठेवील इतका कोरा. पण देवाने त्यांना मोठे कान दिले होते, आणि त्या कानांचा वर्ग झालेला नव्हता. कान आधी गुलाबी झाले आणि मग पिकल्या मिरचीसारखे लाल.

साहेबांनी चिरूट खाली ठेवला. ते कितीतरी वेळ त्या कानांकडे पाहत राहिले.

"पाटील, तुमचे कर्ण आरक्त झालेले आहेत. यावरून तुमच्या हाती सबळ पाने असल्याचे अनुमान निघते. मी माघार घेतो."

अंबाजींनी प्रामाणिकपणे तीन राजे उलटे करून दाखवले. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना बिस्किटे दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना प्रथमच एक माणूस वाचता आला होता.

त्याच्या पुढच्या शनिवारी व्हरांड्यातून नागफणीचा कडा दिसत नव्हता. ढगांनी तो पुरता झाकला होता. साहेब पाने वाटत होते आणि अंबाजी तिकडे बघत होते. ओढ्याला पाणी येणार. लीलाबाईला सकाळपासून कंबरेत कळ होती. कस्तुराबाई म्हणाली होती की अजून वेळ आहे, पण तिचा स्वतःचाच आवाज घाबरलेला होता. अंबाजींनी पाने उचलली, पण पाहिली नाहीत. त्यांना नवशाची बायको आठवली आणि पलीकडच्या काठावर हात हलवणारी झुंबरबाई आठवली. रक्त डोक्यात चढले आणि कान पेटले. हा डाव एकदाचा संपावा आणि घरी जाता यावे म्हणून त्यांनी आपल्यापुढचे सगळे चिंचोके मध्ये लोटले.

साहेबांच्या हातात तीन राण्या होत्या. त्यांनी राण्यांकडे पाहिले, मग कानांकडे. "फारच आरक्त," ते पुटपुटले आणि राण्या उघड्या करून टाकून दिल्या.

"दावायला लागत्यात का?" अंबाजींनी विचारले, आणि दाजीसाहेब मागून खोकत असतानाच पाने उलटी केली. दुर्री, सत्ती, एक गुलाम आणि आणखी दोन. पाचही पाने अशी की एकीची दुसरीशी ओळख नव्हती.

साहेब सावकाश उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी अंबाजींचा हात हातात घेऊन हलवला.

"असा निष्णात हूल देणारा इसम मी पुणे जिल्ह्यात पाहिला नाही. कर्णदेखील स्वेच्छेने आरक्त करतो!"

अंबाजींना वाटले, साकव झाला. घरी जाताना त्यांनी सुनेसाठी लोणावळ्याच्या बाजारातून गूळ-खोबरे घेतले. लीलाबाईची कळ थांबली होती. सगळे व्यवस्थित होते.

सोमवारी अर्ज नामंजूर झाला. साहेबांचा शेरा दाजीसाहेबांनी स्वतः वाचून दाखवला: "अर्जदार हा आपल्याजवळ नसलेली वस्तू असल्याचे भासवण्यात अत्यंत प्रवीण आहे. सबब सदरहू ओढाही नसावा."

"वढा न्हाई? अवो, वढा हाय की! चला, येऊन बगा!"

"साहेबांनी येऊन बघायचं म्हणजे चिंचोके न लावता दुसऱ्याची पानं बघण्यासारखं झालं," दाजीसाहेब म्हणाले. "ते खेळात बसत नाही."

"आन नकाशा?"

"नकाशात तर ओढा फारच ठळक काढलेला आहे. संशय त्यामुळेच बळावला. पाटील, मी म्हणालो होतो की न विचारता पानं दाखवू नका."

अंबाजी कचेरीतून निघाले ते घरच्या वाटेला न लागता तडक बंगल्यावर गेले. तो शनिवार नव्हता, आणि शनिवारखेरीज बंगल्यावर जायची परवानगी नव्हती. साहेब व्हरांड्यात चहा पीत होते. अंबाजींनी रामराम केला नाही.

"सायेब, तुमचं बराबर हाय," ते म्हणाले. "आमाला साकव नको. वढा न्हाईच मुळी. असला तरी त्याला पानी न्हाई. आमच्या बाया उडून पलीकडं जात्यात. आमाला सुईन लागत न्हाई, आमची पोरं आपसूक जल्मत्यात. आन नवशाची बायकू मेली न्हाई. ती म्हायेरी गेलीया. यील…" इथे त्यांचा आवाज फाटला. "यील ती दिवाळीला."

साहेब कप हातात धरून ऐकत होते. त्यांची नजर अंबाजींच्या डोळ्यांवर नव्हती, नाहीतर त्यांना डोळ्यांतले पाणी दिसले असते. ते कान पाहत होते. कान असे झाले होते की त्यांवर चिरूट पेटला असता.

"हूल!" साहेब एकदम ओरडले. "पाटील, या खेपेस तुम्ही मला फसवू शकत नाही! तुम्ही म्हणता ओढा नाही. अर्थात ओढा आहे. पाणी नाही म्हणता. अर्थात पाणी विपुल आहे. स्त्रिया उडत नाहीत. आणि ती मयत इसमाची बायको, नव्हे, बायकोच मयत आहे!" ते आनंदाने थरथरत होते. "मुजुमदारांना बोलवा. साकव आजच मंजूर."

अंबाजी पायऱ्या उतरले तेव्हा आपण जिंकलो की हरलो ते त्यांना समजत नव्हते. उभ्या जन्मात ते पहिल्यांदाच इतके खोटे बोलले होते, आणि त्यांचे पहिल्यांदाच सगळे खरे धरले गेले होते.

आगगाडीच्या जुन्या स्लीपरांचा साकव आठवड्यात उभा राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी लीलाबाईला कळा सुरू झाल्या. ओढा दोन्ही काठ धरून चालला होता. झुंबरबाई लुगडे खोचून साकवावर चढली आणि मधोमध येऊन थांबली.

"ह्ये लाकूड नाचतंय का म्याच नाचतीया?" ती ओरडली.

"मावशी, नाचा, पन हिकडं या!" कस्तुराबाई अलीकडून ओरडली.

या वेळी आवाज ऐकू आला. झुंबरबाई आली. मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप राहिल्या. अंबाजींनी ओटीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले, आणि तिथे कोणी त्यांचा चेहरा वाचायला नव्हते. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईने साहेबांना गुळाची ढेप पाठवली. साहेबांनी विचार केला की खांडशेतकर गोड बोलताहेत, अर्थात साकव कमी पडला असणार, आणि आणखी फळ्या पाठवून दिल्या.

ही हकिकत मावळात पसरायला वेळ लागला नाही. भिमाजी येवल्यांनी आपला जुना अर्ज मागे घेतला आणि नवा केला: कुसवाडीस रस्त्याची बिलकुल आवश्यकता नाही, आम्ही चिखलात समाधानी आहोत. साहेबांनी तो वाचून डोळा मिचकावला आणि रस्ता आखायचा हुकूम दिला. मग तळेगावाकडून अर्ज आला की आमची रस्त्याखालची मोरी फारच भक्कम आहे, कृपया तिला हात लावू नये. वलवणच्या बाजूने आला की आमच्या वाटेवरची दरड मोठी मायाळू आहे. दाजीसाहेबांनी अर्जाचा नवा नमुनाच तयार केला. त्यात 'काही नको' हे शब्द छापलेले होते आणि काय नको एवढेच भरायचे असे. पोकरचा वर्ग बंद पडला. मावळातल्या एकाही गावाला एकाही वस्तूची गरज उरली नाही, आणि कामे झपाट्याने होऊ लागली.

एवढ्यात टॅलबट साहेबांची बदली सिंधकडे झाली.

त्यांच्या जागी आलेले साहेब पत्त्यांना हात लावीत नसत. त्यांनी मराठीची परीक्षा निराळ्या पुस्तकातून दिली होती, आणि पुस्तकात शब्दाचा जो अर्थ दिलेला असेल तोच ते घेत. त्यांनी आल्या आल्या कपाटातले सगळे अर्ज वाचून काढले आणि ते थक्क झाले. एवढा मोठा मुलूख, आणि कोणालाही काही नको! कुसवाडीचा अर्धवट रस्ता त्यांनी त्याच दिवशी थांबवला, कारण गावकऱ्यांच्या लेखी इच्छेविरुद्ध तो चालला होता. दाजीसाहेबांना खरा प्रकार सांगता आला असता. पण त्यांनी स्वतःच शिकवल्याप्रमाणे सगळ्यांच्या नंतर बोलायचे ठरवले, आणि सगळ्यांचे बोलून होईतो त्यांना रावसाहेबकी मिळाली.

नव्या साहेबांचा अहवाल पुण्याला गेला. मावळची रयत संपूर्ण समाधानी असल्याचे वाचून तिथले एक फार मोठे साहेब ती पाहायला खास गाडीने लोणावळ्याला आले. स्टेशनावर तोरणे बांधली होती. पाटील मंडळींना धुतलेल्या पागोट्यांत ओळीने उभे केले होते. मोठे साहेब दुभाष्याला घेऊन ओळीने निघाले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागले: काही कमी आहे का?

अंबाजींनी रात्रभर विचार केला होता. त्यांची पाळी आली तसे ते म्हणाले, "व्हय, हाय. आमच्या साकवाला कठडा न्हाई. कुसवाडीचा रस्ता निम्म्यात सोडलाय, तितं बैल अडकून मेला. लय गावांत लय कमी हाय, सायेब. आमी लिवून दिलं ते समदं खोटं हुतं."

दुभाषी घुटमळला. रावसाहेब मुजुमदार पुढे झाले आणि मोठ्या साहेबांच्या कानाशी लागून अदबीने म्हणाले, "हे अंबाजी पाटील. हूल देण्यात जिल्ह्यात यांचा हात धरणारा कोणी नाही. टॅलबट साहेबांनी तसं लेखी नमूद केलेलं आहे."

मोठे साहेब खो खो हसले. त्यांनी अंबाजींच्या पाठीवर थाप मारली, समाधानी रयत विनोदीही असते असे म्हणाले आणि पुढे सरकले. पुढे भिमाजी उभे होते. आदल्याच आठवड्यात मेलेला तो बैल त्यांचाच होता.

"काही कमी?"

"छे छे," भिमाजी म्हणाले. "सगळं झ्याक चाललंय, सरकार."

बँड वाजला, गाडी हलली. पाटील मंडळी चालत गावाकडे निघाली. वाटेत अंबाजींनी विचारले, "भिमाजी, बैल तुझा मेला. मग का रं असं बोललास?"

भिमाजींनी पागोटे काढून काखेत धरले. "माझ्या आदी तू सोडून समद्यांनी झ्याक म्हनलं, आन तुजी पानं बगून त्ये हसलं. माझ्या मागनंबी समदे झ्याकच म्हननार हुते. म्या एकट्यानंच पानं उघडी करून काय करू?"

याचे उत्तर मावळात नंतरही कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी असा असेल, की ज्याला कालपरवा कोणी 'कसं काय?' विचारले आणि त्याने खरोखर कसे काय ते सांगितले, तर त्याने कृपया हात वर करावा.

कोणाचाच दिसत नाही. छान. म्हणजे तुमचेही झ्याकच चाललेले आहे.